जीआरई, बांगडा आणि बोनाफाईड

माझी जीआरई, म्हणजे परदेशात मास्टर्सला प्रवेशासाठी द्यायची इंग्रजी-गणिताची परीक्षा, 15 नोव्हेंबर 2025 ला झाली, घरूनच दिली, मालवणजवळच्या आमच्या गावातून. त्याआधी जवळपास वर्षभर मी इंटरनेटवर शोधत होते की मराठी माध्यमातून शिकलेल्या, क्लास न लावलेल्या कोणी याबद्दल लिहिलंय का, आणि जे सापडलं ते सगळं पुण्या-मुंबईतल्या इंग्लिश मीडियमवाल्यांचं, त्यात शब्द पाठ करायचे कसे एवढंच. म्हणून हे लिहितेय. गणिताच्या भागाबद्दल काही सांगणार नाही, बारावीपर्यंतचं नीट झालेलं असेल तर ते जमतं. माझा घोळ शब्दांचा होता.

मी झूऑलॉजीत बीएस्सी, नंतर गावात ट्यूशन घेत होते. बाहेर मास्टर्स करायचं डोक्यात आलं ते जानेवारीत. आता बऱ्याच युनिव्हर्सिट्या जीआरई मागत नाहीत, आधी ते बघून घ्या, उगाच 22 हजारांच्या आसपास फी कशाला भरायची. मला हव्या असलेल्या दोन ठिकाणी मागत होते त्यामुळे सुटका नव्हती.

पहिलं काम पासपोर्ट, कारण परीक्षेच्या रजिस्ट्रेशनमधलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या नावांचं तुम्हाला माहितीच आहे. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर नाव, वडिलांचं, आडनाव, आणि त्यात वडिलांच्या नावात एक ए जास्तीचा. आधार दुरुस्तीला एप्रिलमध्ये 50 रुपये आणि बरीच वाट. मग पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज, 36 पानी साध्याचे 1,500 रुपये (तत्काळ हवा असेल तर वर 2,000), अपॉइंटमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर स्पीड पोस्टाने घरी. पोस्टमन भिजला होता पण पासपोर्ट कोरडा.

दरम्यान ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या गुणांचं विद्यापीठाचं अधिकृत पत्रक) अर्ज केला तर विद्यापीठातून उत्तर आलं की मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे याचं अ‍ॅफिडेव्हिट द्या. सोबत डिग्रीची अटेस्टेड झेरॉक्स, कॉलेजचं बोनाफाईड, आणि एक मार्कशीट हरवली होती तिची डुप्लिकेट. मी गेले नोटरीकडे. कोर्टाबाहेर टपरीला लागून टेबल, टाईप करणारा एक जण, आणि पुढे रांग, कारण कॉलेज अ‍ॅडमिशनचे दिवस. पिशवीत जीआरईचं एक सेकंडहँड पुस्तक होतं, वेळ जावा म्हणून उघडलं, तर पान निघालं फिडेस या लॅटिन शब्दाचं. फिडेस म्हणजे विश्वास, श्रद्धा. खाली शब्द: फिडेलिटी, निष्ठा. पर्फिडियस, विश्वासघातकी. डिफिडंट, ज्याचा स्वतःवर विश्वास नाही असा, म्हणजे बुजरा. आणि त्याच ओळीत बोना फिडे, चांगल्या विश्वासाने, खऱ्या मनाने. म्हणजे शाळेच्या ऑफिसात आपण एसटीच्या पासासाठी बोनाफाईड मागायचो तेच हे! आणि मी ज्याच्यासाठी रांगेत उभी होते ते अ‍ॅफिडेव्हिटही त्याच घरातलं, मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. ते एक पूर्ण क्रियापद आहे, कागदाचं नाव म्हणून ते नंतर रूढ झालं.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी शब्दांच्या याद्या पाठ करत होते आणि काहीही राहत नव्हतं. डिफिडंट हा शब्द मी त्याआधी कितीदा तरी पाठ केला असेल, आणि डिफरंटसारखं काहीतरी, एवढंच आठवायचं. त्या रांगेनंतर तो कधीच विसरले नाही.

मग मी ती सगळी फाईलच अभ्यासाला घेतली. अटेस्टेडमध्ये टेस्टिस, म्हणजे साक्षीदार. त्यातून टेस्टिफाय हे उघड आहे, पण डिटेस्ट पण त्यातलाच, देवाला साक्षी ठेवून शाप देणं, तिथून तिटकारा. डुप्लिकेटमध्ये प्लिकारे, घडी घालणं. दोन घड्या ते डुप्लिकेट, आणि माणूस दोन घड्यांचा असेल, आत एक बाहेर एक, तर ती ड्युप्लिसिटी. घडी उलगडून दाखवली की एक्स्प्लिसिट, घडीच्या आत राहिलं ते इम्प्लिसिट, घडीत तुम्हालाही गुंडाळलं की इम्प्लिकेट. डोमिसाईलमध्ये डोमुस, घर, आणि हा शब्द आपल्या जुन्या संस्कृतातल्या 'दम'चा भाऊ आहे, दंपती म्हणजे घराचे धनी. ट्रान्सक्रिप्टमध्ये स्क्रिबेरे, लिहिणं. इथे एक जोडी नीट लक्षात ठेवा कारण प्रॅक्टिसमध्ये ती फार येते: प्रिस्क्राइब म्हणजे करायला सांगणं आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं. दोन्हीकडे लिहिणंच आहे. प्रोस्क्राइबला तो अर्थ कसा आला तर रोममध्ये सुल्ला नावाच्या सेनापतीने इ.स.पू. 82 मध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या, ज्याचं नाव यादीत त्याला कोणीही मारावं आणि मालमत्ता जप्त. ही गोष्ट कळल्यावर कोण विसरेल!

इंग्रजीत हे सगळं आलं कुठून हा प्रश्न मला पडला होता, कारण शाळेत सांगितलेलं की इंग्रजी जर्मनच्या कुळातली. ते बरोबरच आहे, रोजचे शब्द, खाणं-पिणं, हात-पाय, आई-बाप, ते त्या कुळातलेच. पण 1066 ला नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये आणि लॅटिनमध्ये चालली. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. नंतर विद्वानांनी थेट लॅटिन पुस्तकांतून आणखी शब्द उचलले. त्यामुळे आजही इंग्रजीत स्वयंपाकघर एका भाषेत आणि तहसील ऑफिस दुसऱ्या भाषेत असं काहीसं आहे. आपल्याकडे फारसी आणि संस्कृतचं झालं तसंच, बघा ना, सातबाऱ्याच्या ऑफिसात शिरलं की दस्त, वारस, कब्जेदार. जीआरई तुम्हाला त्या ऑफिसातले शब्द विचारते, घरातले नाही.

जुलै-ऑगस्ट हा माझा खरा अभ्यास. ट्यूशन संध्याकाळी, सकाळी मोकळी. एक दोनशे पानी वही केली, एका पानाला एक मूळ. आणि इथे मला शाळेतल्या संस्कृतच्या बाईंचा उपयोग झाला, ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती. आठवीत त्यांनी 'नी' धातू शिकवला होता, नेणे, आणि उपसर्ग लावले की तो कुठच्या कुठे जातो: विनय, अभिनय, निर्णय, अनुनय, परिणय, उपनयन. लॅटिनमध्ये नेणे म्हणजे डुकेरे. आता बघा: इंड्यूस, आत नेणं, म्हणजे प्रवृत्त करणं. डिड्यूस, वरून खाली नेणं, निष्कर्ष काढणं. सिड्यूस, बाजूला नेणं, भुलवणं. अ‍ॅबडक्ट, दूर नेणं, पळवणं. ट्रड्यूस, लोकांसमोरून नेणं, म्हणजे धिंड काढणं, त्यातून बदनामी करणं. हा शेवटचा शब्द जीआरईच्या याद्यांत हमखास असतो. मराठी माध्यमवाल्यांनी घाबरायचं काही कारणच नाही, उपसर्ग-धातू ही यंत्रणा आपल्याला इंग्लिश मीडियमच्या पोरांपेक्षा जास्त अंगवळणी पडलेली असते, फक्त कोणी ते सांगत नाही. आणि लॅटिन-संस्कृत नात्यातल्या भाषा आहेत हे 1786 मध्ये विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशाने कलकत्त्यात सांगितलं होतं, तेव्हापासून त्यावर इतकं काम झालंय की ऑनलाइन डिक्शनरीत शब्दाच्या खाली संस्कृत भावंडही दिलेलं असतं. दंत आणि डेंटिस्ट, पद आणि पेडेस्ट्रियन, दक्षिण आणि डेक्स्टरस. डेक्स्टर म्हणजे उजवा, आणि डावा म्हणजे सिनिस्टर, ज्याचा इंग्रजीत अर्थ आता अभद्र, कपटी असा झालाय. आपण तरी काय वेगळं केलं, उजवा म्हणजे सरस आणि डावललं म्हणजे बाजूला टाकलं.

झूऑलॉजीचाही असाच फायदा झाला. शास्त्रीय नावं आम्ही तीन वर्षं घोकली, अर्थ कोणी विचारला नव्हता. गणपतीनंतरची गोष्ट, घरात श्रावण-भाद्रपदाचं शाकाहारी संपलेलं, बाबांनी बांगडे आणले आणि आजी साफ करायला बसली. बांगड्याचं नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा. कानागुर्टा हे तेलुगूवरून आलंय, पण रास्ट्रेलिगर? रास्ट्रेलुस म्हणजे लहान दाताळं, आणि शेवटचं गेर म्हणजे बाळगणारा. मी एक बांगडा उचलला, तोंड उघडून आत बघितलं तर कल्ल्यांवर लांब लांब बारीक दाते, ओळीने, पिसासारखे, पाण्यातलं बारीक खाद्य गाळून घ्यायला. तोंड उघडल्याबरोबर दिसतात, कापावं पण लागत नाही. दाताळं बाळगणारा! आणि तेच गेर बेलिजरंटमध्ये आहे, बेलुम म्हणजे युद्ध, युद्ध बाळगणारा, म्हणजे सदा भांडायच्या पवित्र्यात. आजी म्हणाली, "कल्ले काय बघतस गो, आधी मीठ लाय तेका." पण बेलिजरंट पाठ झाला तो झालाच.

मग आवारभर तेच. माड म्हणजे कोकोस न्यूसिफेरा, आंबा म्हणजे मँगिफेरा इंडिका, दोन्हीत फेरे, वाहणे, धारण करणे, आपला 'भृ' धातू. नट धरणारा, आंबा धरणारा. त्यातूनच व्होसिफेरस, आवाज वाहणारा, म्हणजे आरडाओरडा करणारा. काजू म्हणजे अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, ऑक्सिडेंटाले म्हणजे पश्चिमेचा, जिथे सूर्य खाली पडतो तिथला, कारण काजू अमेरिकेतून आलेला. पडणे म्हणजे काडेरे, त्यातून डेकडंट, अ‍ॅक्सिडेंट, केडन्स. पापलेटात अर्जेंटेउस, चांदीचा. हे सगळं परीक्षेत येतं असं नाही, पण मुळं अशी हाताला लागली की नवा शब्द समोर आला तर मन आधी घाबरत नाही, आधी तोडून बघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे क्लासवाले सांगत नाहीत. मूळ तुम्हाला अर्थाच्या गावापर्यंत नेतं, घरापर्यंत नाही. शब्द हजार-दोन हजार वर्षं चाललेला असतो आणि मधे कुठेही वळतो. एग्रेजियस घ्या. ग्रेक्स म्हणजे कळप, ए म्हणजे बाहेर, कळपातून उठून दिसणारा. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हे कौतुक होतं, आज त्याचा अर्थ धडधडीत वाईट, अक्षम्य. नुसतं मूळ धरून उत्तर दिलंत तर बरोबर उलट पडाल. त्याच कळपातला ग्रेगेरियस मात्र सरळ, माणसांत रमणारा. सँग्विन आणि सँग्विनरी, दोन्हीत रक्त. सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचा, पण सँग्विन म्हणजे आशावादी, कारण जुन्या वैद्यकात शरीरात रक्ताचा जोर असलेला माणूस आनंदी समजत, आपल्या वात-पित्त-कफासारखंच. एनर्व्हेट ऐकून वाटतं एनर्जी देणं, पण नेर्वुस म्हणजे स्नायूची शीर, ए म्हणजे काढून, शीर काढून घेतल्यावर काय होणार, गळून जाणं. डेसल्टरी हा माझा लाडका, सर्कशीत एका घोड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्याला रोमन लोक डेसुल्टोर म्हणत, तसं इकडून तिकडे, सलगता नसलेलं.

आणि इन हा उपसर्ग. तो कधी नकार असतो, आपला 'अ' किंवा 'अन्', आणि कधी नुसता 'आत' किंवा जोर. मुंबई-गोवा हायवेला गॅसच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंय. तिथला इन नकाराचा असता तर टँकरजवळ बिडी ओढायला हरकत नव्हती! तो इनफ्लामारेमधला, पेटवणे. हाच गोंधळ टाळायला फ्लेमेबल असा शब्द पुढे चालवला गेला. इनव्हॅल्युएबलमधला इन मात्र नकाराचाच, पण अर्थ किंमत नसलेला असा नाही, किंमत करता येणार नाही इतका मोलाचा. आणखी एक सापळा म्हणजे ग्रीक, पेडेस्ट्रियनमधला पेड लॅटिन पायाचा, पण पेडियाट्रिशियनमधला ग्रीक मुलाचा.

म्हणून वहीत प्रत्येक शब्दाखाली मी एक वाक्य लिहायला लागले, स्वतः बनवलेलं नाही, बातमीतून किंवा लेखातून उचललेलं. 2011 मध्ये जीआरई बदलली तेव्हा अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि अ‍ॅनॅलॉजीचे (शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखायचे) प्रश्न काढून टाकले, आता सगळे शब्द वाक्यातच येतात. माझ्या सेकंडहँड पुस्तकाचा निम्मा भाग त्या जुन्या प्रश्नांचा होता, रद्दीच म्हणा, पुस्तक घेताना छपाईचं वर्ष बघा. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आणखी छोटी झालीय, सगळी मिळून दोन तासांच्या आत, त्यात व्हर्बलचे, म्हणजे शब्द आणि वाचनाच्या भागाचे, 27 प्रश्न. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाचा प्रकार असतो, सहातून दोन शब्द निवडायचे, दोघांनी वाक्याचा अर्थ तोच राहिला पाहिजे, एक बरोबर आला तर अर्धे मार्क नाहीत. इथे मुळं फार उपयोगी, समजा टॅसिटर्न आणि रेटिसेंट दोन्ही पर्यायांत दिसले, तर दोघांत टाकेरे आहे, गप्प राहणं, रेटिसेंटमध्ये तो फक्त री लागून बदललाय. अबोल आणि मितभाषी, जोडी जमली. अर्थात वाक्य तपासूनच टिक करा. जीआरई घेणारी ईटीएस पॉवरप्रेपच्या दोन टेस्ट फुकट देते, त्या शेवटी ठेवा, खऱ्याच्या सगळ्यात जवळ त्याच.

तारीख घेताना सेंटर की घर हा प्रश्न. सेंटर म्हणजे मोठ्या शहरात, रेल्वेचं तिकीट, राहणं, त्यात झोप न होणं. घरून द्यायची तर लाईट आणि नेट. पावसात घरून द्यायचा विचारही करू नका, म्हणून नोव्हेंबर. पण आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की लग्नं, जत्रा, दशावतार सगळं सुरू होतं आणि देवळाचा भोंगा दुपारपासून. तारीख ठरवण्याआधी मी देवळात जाऊन जत्रा कधी ते विचारून आले आणि सकाळचा स्लॉट घेतला. घरून द्यायच्या परीक्षेला चोवीस तासांतला कुठलाही स्लॉट मिळतो. तारीख बदलायची तर चार दिवस आधीपर्यंत, आणि त्याचे पैसे वेगळे. इन्व्हर्टर चार्ज, फोनचं हॉटस्पॉट तयार, शेजारच्या काकींना सांगितलं की सकाळी मिक्सर नको. त्या म्हणाल्या, "बाय, तू निवांत बस, मी कोंबडीव कोंडून ठेवतंय."

परीक्षेच्या दिवशी कागद-पेन चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर. मी बोर्ड मालवणच्या बाजारातून आणला. प्रॉक्टर, म्हणजे ऑनलाइन देखरेख करणारा माणूस, कॅमेऱ्यातून सगळी खोली दाखवायला लावतो, भिंती, टेबलाखाली, स्क्रीनच्या कडा बघायला आरसा. कान दिसले पाहिजेत, केस मागे. खोलीचं दार बंद, आत दुसरं कोणी नको. या चेक-इनला वेळ गेला आणि माझे हात गार पडले होते, पण तो माणूस शांतपणे टाईप करून सांगत होता. पहिला निबंध, 30 मिनिटं, त्यानंतर बाकीचे भाग. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं तुम्ही सही करून देता, त्यामुळे ते सांगणार नाही. एवढंच सांगते की अजिबात न पाहिलेले शब्द आले आणि काहींना तोडून अर्थाचा वास लागला, काहींना नाही लागला, ते वाक्यावरून सोडवले, एक-दोन सरळ सोडून दिले.

संपल्यावर व्हर्बल आणि गणिताचे मार्क स्क्रीनवर लगेच दिसतात. व्हर्बल 154. पहिल्या सरावात 145 होते. कोणी याहून बरेच जास्त काढतात, मला लागत होते तेवढे आले. त्याच वेळी चार युनिव्हर्सिट्यांना फुकट स्कोअर पाठवायचा पर्याय येतो, नावं आधीच लिहून ठेवा, तिथे डोकं चालत नाही. नंतर पाठवायचे तर प्रत्येकाचे पैसे. अधिकृत स्कोअर 25 तारखेला आला, तो पाच वर्षं चालतो.

ट्रान्सक्रिप्ट मात्र हे लिहीपर्यंत आलेलं नाही. अर्ज करताना किती प्रती आणि सीलबंद पाकिटात की ईमेलने, हे युनिव्हर्सिटीला आधी विचारून घ्या, आणि अ‍ॅफिडेव्हिटच्या दोन मूळ प्रती करून घ्या, एक त्यांच्याकडेच राहते.